दुसऱ्या डिस्कवरचा आवाज

आगरदांडा
४ ऑक्टोबर २०२४

केतनदादा,

जहाजावर फोन लागत नाही, फोटो पोचत नाहीत, नुसती अक्षरं पोचतात, असं तू जाताना सांगून गेलास. म्हणून ही अक्षरं पाठवतेय. खुशालीची नाहीत, तेव्हा आडवा पडून वाचू नकोस, उठून बस.

काल आईला घेऊन आम्ही मुंबईला तपासणीला गेलो होतो. जखम छान भरलीय, गाठीचा मागमूस नाही, डॉक्टर खूश. त्यांना काय, ते गळा बघतात. घर मी बघते. स्वरयंत्र काढल्यापासून आई पाटीवर तरी लिहायची, आता तेही बंद केलंय. गळ्याला टेकवून बोलायचं ते यंत्र तिने लावून बघितलं, त्यातून निघालेला आवाज ऐकला आणि यंत्र रुमालात गुंडाळून कपाटात ठेवून दिलं. पाटीवर लिहिलं, 'पिठाची गिरणी बोलतेय.' मग पाटीही खिळ्याला टांगली. जिची हयात जेट्टीच्या तिकीट-खिडकीत, माईकसमोर गेली, ती बाई आता मान हलवते नाहीतर नुसती बघत बसते. तुला आठवतं ना, दिघीची लाँच सुटायच्या आधी दरवेळी काय म्हणायची ती? 'घाई करू नये. सगळ्यांना घेऊनच लाँच सुटेल.' शाळेत पोरं मला त्यावरून चिडवायची. आता कोणी चिडवलं तर बरं वाटेल मला.

तर मुद्दा. तिथे मनाली म्हणून एक मुलगी आहे, वाचा गेलेल्या पेशंटना बोलायला शिकवते. आई आत तपासायला गेली होती तेव्हा तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, आईचा जुना आवाज स्वच्छ आणि भरपूर रेकॉर्ड केलेला असेल, तर तो कॉम्प्युटरला शिकवता येतो. मग आईने मोबाइलवर टाइप करायचं आणि मोबाइलने आईच्या आवाजात बोलायचं. आईच्याच ना, असं मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी ती बिचारी हसली.

लाँचवाल्यांकडे चौकशी केली. त्यांच्याकडे एवढीशी क्लिप आहे, तीही मागे इंजिनाची धडधड असलेली. मनाली म्हणाली, याचा उपयोग नाही. तेव्हा मला तुझे ते रविवार आठवले. आईच्या घोषणा घरी रेकॉर्ड करायच्या म्हणून पंखे बंद करून आम्हाला घामाघूम बसवायचास ते. ते सगळं कुठे आहे? तुझा लॅपटॉप तर गेल्या वर्षीच खाऱ्या हवेने मेला.

आईला यातलं काही बोललेले नाही. सापडलं तर सांगेन. आधी आशा लावायची आणि मग तोंड लपवायचं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

अमिषा


जहाजावरून
६ ऑक्टोबर

अमू,

उठून बसलो. नंतर डेकवर जाऊन जरा उभाही राहिलो.

लॅपटॉप मेला, त्याची डिस्क मेलेली नाही. ती मी काढून बाबांकडे दिली होती, जपून ठेवा म्हणून. आईचं सगळं तिच्यावर आहे. नीट झालेलं, चुकलेलं, मध्येच बाबा शिंकले तेही. मी काहीच पुसलं नव्हतं. दुसरी कॉपी काढलेली नाही. बोलून घे काय बोलायचंय ते, पण आधी काम कर.

तुझ्या लॅपटॉपच्या पोटात दुसऱ्या डिस्कसाठी जागा रिकामी आहे. घेताना मी तेवढंच बघत होतो आणि तू रंगावरून दुकानदाराशी वाद घालत होतीस. लॅपटॉप पूर्ण बंद कर, चार्जर काढ, उलटा कर, स्क्रू काढून झाकण उचल. बॅटरीची वायर सोडव. रिकाम्या कप्प्यात एक चपटी केबल दिसेल, तिच्या तोंडात डिस्क सरळ सरकव. जोर करायचा नाही, पण अर्धवटही ठेवायची नाही. मग सगळं परत लाव आणि चालू कर. सी ड्राइव्हच्या शेजारी नवीन नाव येईल. चहा निवायच्या आत व्हायला हवं.

एकच लक्षात ठेव. कॉम्प्युटरने डिस्क फॉरमॅट करू का विचारलं, इनिशियलाइज करू का विचारलं, कितीही गोड बोलून विचारलं, तरी नाही म्हणायचं. हो म्हणालीस की सगळं गेलं.

माझं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपतंय. पण कंपनी सोडेल असं दिसत नाही, माणसं कमी आहेत म्हणे. हे आईला एवढ्यात सांगू नकोस.

केतन


आगरदांडा
९ ऑक्टोबर

दादा,

चहा निवला. परत तापवला, तोही निवला.

डिस्क लगेच सापडली, त्याबद्दल बाबांना शंभर मार्क. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या कुलपांबरोबर ठेवली होती. आधी मलमलचं फडकं, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर सुतळीच्या गाठी. नखं तुटली माझी. बाबांचा तो मे महिन्याचा सोहळा तुला माहीत आहे. लाँच पावसासाठी बंद व्हायच्या सुमाराला घरातलं झाडून सगळं लोखंड त्यांच्या हाताखालून जातं. बिजागऱ्या, कुलपं, शिलाई मशीन, माझी सायकल. अजून सायकलवर बसले की सलवारीला ग्रीस लागतं. लाँचच्या इंजिनावरून रिटायर झाले, पण इंजिन काही त्यांच्यातून रिटायर झालं नाही. तुझी डिस्क त्यांनी तान्ह्या मुलासारखी जपली होती.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. डिस्क केबलमध्ये सुळकन गेली, काही अडलं नाही. बाबा टॉर्च धरून उभे होते. चालू केला तर सी एकटाच. शेजारी कोणी नाही. बंद केला, डिस्क काढली, परत घातली, परत चालू केला. तेच. फॉरमॅटचं वगैरे काही विचारलं नाही. विचारायला ती त्याला दिसली पाहिजे ना.

आईला वाटतंय मी ऑफिसच्या कामाने वैतागलेय.

अमिषा


जहाजावरून
१० ऑक्टोबर

अमू,

एवढं तोंड पाडायचं कारण नाही. हे नेहमीचं आहे. विंडोज प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतं, सी, डी, ई असं. कधीकधी द्यायचं राहून जातं. मग डिस्क आत बसलेली असते, पण तिकीट फाडलेलं नाही म्हणून मोजणीत धरत नाहीत. आईच्या खिडकीतलाच हिशोब.

स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक कर. 'डिस्क मॅनेजमेंट' उघड. खालच्या भागात 'डिस्क झिरो' म्हणजे तुझी स्वतःची. तिच्याखाली 'डिस्क वन' असेल. तिच्या निळ्या पट्टीवर उजवं क्लिक करून अक्षर दे. झालं.

ऑफलाइन लिहिलेलं असेल तर ऑनलाइन कर. बाकी कशाला हात लावू नकोस. दुसरं काही असूच शकत नाही. मी रोज हेच काम करतो.

केतन


आगरदांडा
१५ ऑक्टोबर

दादा,

तू रोज हेच काम करत असशील. इथे डिस्क झिरो आहे आणि तिच्याखाली पांढरी फटफटीत जागा आहे. डिस्क वन नाही. लॅपटॉप चालू होताना एफ टू दाबून, आत काय काय जोडलंय ते दाखवणारा काळा पडदाही उघडून बघितला. त्या कप्प्यासमोर लिहिलंय, रिकामा. डिस्क आत बसलीय आणि तो म्हणतो रिकामा.

मग मुरूडला एका दुकानात नेली. त्याने त्याची वायर लावून बाहेरून जोडली, कानाशी धरली, आणि जणू घरी कोणी गेलंय अशी माझ्या हातात परत दिली. म्हणाला, फिरतच नाहीये ताई, संपली ही, नवीन घ्या. नवीन घेऊन काय करू? नवीन डिस्कवर आई नाहीये.

मला तुझा फार राग आलाय. एवढा मोठा जहाजावरचा इलेक्ट्रिकल ऑफिसर, आणि आईच्या आवाजाची एक कॉपी काढून ठेवता आली नाही तुला. तुझ्या त्या मोटरसायकलच्या फोटोंच्या तीन-तीन कॉप्या आहेत, मला माहीत आहे.

आणि ऐक. काल संध्याकाळी आई पाटी घेऊन माझ्यासमोर आली. कित्येक दिवसांनी खिळ्यावरून काढली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'मिळाला का माझा आवाज?'

आपण मूर्ख आहोत. तिचा आवाज गेलाय, कान गेलेले नाहीत. मी मनालीशी फोनवर बोलत होते, बाबांशी कुजबुजत होते, तुझी पत्रं वाचताना पुटपुटत होते. तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. तिने पदराने पाटी पुसली आणि बांगडे साफ करायला मागे गेली.

अमिषा


जहाजावरून
२७ ऑक्टोबर

अमू,

मध्ये समुद्र खवळला होता आणि जहाजाचा अँटेना बिघडला होता, तो दुरुस्त करणारा मीच. पण ते चार-पाच दिवसांचं. बाकीचे दिवस मी रोज लिहायला बसायचो आणि काय लिहावं कळायचं नाही. डिस्क खरंच गेली असेल तर ती माझ्यामुळे गेली. तू बोललीस ते बरोबर बोललीस.

आज इंजिन रूममध्ये एका सेन्सरचा कनेक्टर काढला तेव्हा डोक्यात आलं, आपण अजून एक साधी गोष्ट तपासली नाही. फिरतच नाही म्हणजे डिस्कला वीजच मिळत नसेल. वीज मिळाली नाही तर चांगली डिस्कसुद्धा मेल्यासारखीच वागणार.

डिस्कच्या एका कडेला बारीक दातांची रांग असते, दोन गटांत. वीज आणि माहिती दोन्ही तिथूनच जातात. उजेडात धरून नीट बघ आणि मला सांग, ते दात सोनेरी आहेत, हिरवे आहेत की काळे? गंज चढलेला असला तरी खरं काय ते लिही.

केतन


आगरदांडा
२८ ऑक्टोबर

दादा,

बसला असशील तर उठून उभा राहा या वेळी.

दुपारी आम्ही तिघं करंज्या करायला बसलो होतो. आई लाटत होती, मी भरत होते, बाबा कातण फिरवत होते. आता आईपासून लपवायचं काही राहिलं नाही, म्हणून तुझं पत्र मोठ्याने वाचलं. दात सोनेरी की काळे, इथपर्यंत आले आणि बाबांचं कातण थांबलं. उठले, मागच्या दारी गेले, परत आले, बसले, परत उठले. मला वाटलं, तोंडात चोरून टाकलेलं सारण घशात अडकलं. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

म्हणाले, "काळे न्हाय गो ते. सोनेरीच हायत. वरून ग्रीस हाय."

मी म्हटलं, कसलं ग्रीस?

तर म्हणे मे महिन्यात कुलपं करताना डब्यात डिस्क दिसली. उघडे पितळी दात बघून त्यांचा जीव राहिला नाही. खारं वारं पितळेला कसं खातं ते त्यांनी जन्मभर लाँचवर बघितलंय. म्हणून दातादातात, काडीने, अगदी मन लावून ग्रीस भरलं. वर बोटाने सारखं केलं. मग फडकं, मग पिशवी, मग सुतळी. दादा, इंजिनाचं ग्रीस! आता कळलं ती केबलमध्ये सुळकन का गेली ते. मी सगळं बाहेरून बघत राहिले. डिस्कची ती कड निरखून बघायची बुद्धी मला झाली नाही, मुरूडच्या त्या माणसालाही झाली नाही.

मी चिडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण बाबांकडे बघितलं आणि बंद केलं. ते खाली बघून बोलत होते, "तिचा आवाज हाय त्यात, म्हणून जरा जास्तीच लावलं." मग मला रडू आलं आणि हसू आलं, कुठलं आधी ते सांगता येणार नाही.

आईने काय केलं असेल? पिठाच्या हाताने कपाळ धरलं आणि तिचे खांदे हलायला लागले. आम्ही घाबरलो. बघतो तर हसतेय. आवाज नाही, पण हसतेय. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. कपाळाला पीठ लागलेलं तसंच.

आता प्रश्न असा की बाबा रॉकेलची बाटली आणि पॉलिश पेपर घेऊन बसलेत, चूक निस्तरायला. मी डिस्क माझ्या कपाटात ठेवून चावी कमरेला लावलीय. लवकर लिही, कारण मी त्यांना किती वेळ थोपवू शकेन सांगता येत नाही.

अमिषा


जहाजावरून
२९ ऑक्टोबर

अमू,

चीफ इंजिनिअर विचारत होता, घरून काय खुशखबर आली. मी सांगितलं, वडिलांनी हार्ड डिस्कला ग्रीस लावलं. त्याला वाटलं मी उन्हाने बिघडलो. पण मी इतका मोकळा कधी हसलो नव्हतो. गंज असता तर कठीण होतं. ग्रीस निघतं.

रॉकेल नाही. पॉलिश पेपर तर अजिबात नाही, सोन्याचा मुलामा खरवडून जाईल. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे साफसफाईचं स्पिरिट मिळतं, आयपीए म्हणतात, ते आण. कान साफ करायच्या काडीचा कापूस त्यात भिजवून दात हळूहळू पूस, कापूस पांढरा निघेपर्यंत. मग शाळेतलं पांढरं खोडरबर हलकेच फिरव आणि कण झटकून टाक. लॅपटॉपमधल्या केबलच्या तोंडातही आता ग्रीस गेलं असणार, ते विसरू नकोस. स्पिरिट पूर्ण उडून जाऊ दे. घाई करू नये.

डिस्क दिसली आणि तिने काही विचारलं तर उत्तर नाही. इनिशियलाइज म्हटलं तर खिडकी बंद करून मला लिही.

आणि बाबांना सांग, दोष त्यांचा नाही. जपून ठेवा असं मी सांगितलं, कसं ते सांगितलं नाही. त्यांनी त्यांच्या पद्धतीने जपलं. खरं म्हणजे त्यांच्या ग्रीसमुळेच दात सोनेरी राहिले.

जानेवारीत येणं काही जमत नाही. कंपनी मुदत वाढवतेय. आता आईला सांगून टाक.

केतन


आगरदांडा
२ नोव्हेंबर, पाडवा

दादा,

आधी एका वाक्यात सांगते, मग सविस्तर. आई सापडली.

स्पिरिट आणलं. सफाई बाबांनीच केली. मी देणार नव्हते, पण आईने माझ्या कमरेची चावी काढून त्यांच्या हातात ठेवली, मग माझं काय चालतंय. चष्मा लावून, श्वास धरून, एकेक दात. कापसाच्या काड्यांचा ढीग झाला. मीही तुझ्यासारखीच म्हणत होते, घाई करू नये, घाई करू नये. मग खोडरबर, मग उन्हात न ठेवता सावलीत वाळवणं, सगळं तुझ्या हुकमाप्रमाणे.

आज सकाळी बसवली. चालू केला. सी एकटाच. बाबांचा चेहरा असा झाला की मी त्यांच्याकडे बघायचंच टाळलं. पण कान लावला तर आतून बारीक घरघर येत होती. फिरत होती ती, दादा. डिस्क मॅनेजमेंट उघडलं आणि खाली, झिरोच्या खाली, वन. निळी पट्टी, पूर्ण भरलेली, 'हेल्दी' लिहिलेलं. फक्त अक्षर नव्हतं. तेवढं मात्र तू बरोबर सांगितलं होतंस, म्हणून तुला माफ केलं.

उजवं क्लिक केलं. अक्षर बदलायच्या ओळीच्या बरोब्बर खाली फॉरमॅटची ओळ आहे. ज्याने हे केलं त्याला घरची माणसं नसावीत. मी दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आईने मागून माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि तिचा हात तसाच असताना मी वरची ओळ दाबली. कुठलं अक्षर पाहिजे विचारलं. डी रिकामं होतं, ई रिकामं होतं. मी खाली जाऊन के दिलं. आईच्या नावाचा, कमळचा के.

फोल्डर उघडले. सगळे रविवार जागच्या जागी. मी पहिलंच लावलं, कुठलं ते न बघता. आधी पंखा बंद केल्याचा खटका, मग तुझं 'हं, बोल', आणि मग आई. 'दिघीला जाणाऱ्या प्रवाशांनी…' आणि बाबांची शिंक. आणि मग ती जी बरसली त्यांच्यावर! एवढं रेकॉर्डिंग चाललंय, नाक जरा बाहेर नेऊन शिंकता येत नाही का, मासे आणायला जा, दोन तास परत येऊ नका. दादा, किती दिवसांनी आपल्या घरात कोणीतरी बाबांना बोललं. बाबा उभ्याउभ्या ऐकत होते आणि डोळे पुसत होते, आणि म्हणत होते, परत लाव, ते शिंकेचं परत लाव.

आईच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना, चूक तर नाही ना केली असं वाटून गेलं. मग ती उठली, ताट केलं, निरांजन लावलं आणि बाबांना ओवाळलं. पाडव्याचं आम्ही विसरलोच होतो. ओवाळणी टाकायला बाबांकडे काही नव्हतं, अंगात नुसती गंजी होती. त्यांनी लॅपटॉप उचलून तिच्यापुढे ठेवला. आईने पाटी घेतली आणि लिहिलं, 'हीच घेते.'

मी आत्तापर्यंत तीन ठिकाणी कॉपी काढलीय. मनालीला फोन केला, ती म्हणाली यापेक्षा चांगलं रेकॉर्डिंग तिने ऐकलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मांडव्याहून बोटीने मुंबईला जाऊन डिस्क दाखवून येतो. पिशवी बाबांच्या हातात देणार नाही.

तुझ्या मुदतवाढीचं आईला सांगितलं. तिने कपाळाला आठी घातली, खडू उचलला आणि काही न लिहिता परत ठेवला.

अमिषा


आगरदांडा
१८ जानेवारी २०२५

दादा,

झालं. चार दिवसांपूर्वी मनालीने आईच्या मोबाइलमध्ये घालून दिलं.

अगदी हुबेहूब नाही म्हणणार. एखादा शब्द जरा सपाट येतो, आणि राग आला की आवाज चढायचा तो अजून चढत नाही. पण आईच आहे. मागच्या खोलीतून ऐकलं तर ओ द्यावीशी वाटते, आणि मी दिलीही.

घरी आल्यावर पहिलं वाक्य काय टाइप करणार, म्हणून आम्ही सगळे तिच्याभोवती. शेजारच्या महेरुन्निसा चाची खास आल्या होत्या, शिरखुर्मा घेऊन. आईने बराच वेळ टाइप केलं, खोडलं, परत केलं. मग बटण दाबलं आणि मोबाइल बोलला, "अहो, यापुढे मला विचारल्याशिवाय घरात कशालाही ग्रीस लावायचं नाही." चाची हसून हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. बाबा म्हणाले, व्हय. एवढंच. पण दिवसभर कोणी दिसला की त्याला सांगत होते, बायको मला बोलली म्हणून.

तेव्हापासून ती गप्प बसलेलीच नाही. मासेवालीशी भाव केला. जेट्टीवर जाऊन खिडकीत बसलेल्या नव्या मुलीला सांगून आली की माईक तोंडाच्या इतका जवळ धरू नये.

आज सकाळी दार लावून तिने तुझ्यासाठी काहीतरी रेकॉर्ड केलं आणि तुझ्या फोनवर पाठवलं. मला ऐकू दिलं नाही. जहाज बंदराला लागलं की मिळेल तुला. काय आहे ते मला लगेच कळव, मी दाराला कान लावला होता पण पंखा चालू होता.

अमिषा


सिंगापूर
२६ जानेवारी

आई, बाबा, अमू,

आज दुपारी बंदरात उतरलो. सिम घातल्याबरोबर फोन वाजत राहिला. सगळ्यांत वर आईचं होतं. बंदराच्या फाटकाबाहेर एका झाडाखाली बाक आहे, तिथे बसून लावलं. अमू, तुला उत्सुकता आहे म्हणून जसंच्या तसं लिहितो.

"प्रवासी केतन दिनानाथ यांनी इकडे लक्ष द्यावे. कंपनीने तुम्हाला थांबवलेले नाही. तुम्ही स्वतः थांबला आहात. मी इतकी वर्षं तिकिटाच्या खिडकीत बसले, तिकीट हरवलं म्हणून सांगणारा चेहरा मला पत्रातूनही ओळखता येतो. घरात आवाज नाही म्हणून तुला यायची भीती वाटत होती. मलाही वाटत होती. आता आवाज आहे. घाई करू नये. सगळ्यांना घेऊनच लाँच सुटेल. पण ये."

आई, सगळं खरं आहे. कंपनी मला सोडायला तयार होती. मुदतवाढीचा अर्ज मीच केला होता, ऑक्टोबरमध्येच. दार उघडलं की आतून तुझा आवाज येणार नाही, या विचाराने पाय निघत नव्हता. ती डिस्क सापडावी म्हणून मी एवढी पत्रं लिहिली आणि ती सापडल्यावरही अर्ज तसाच राहू दिला, कारण खरोखर जमेल यावर माझा विश्वास बसत नव्हता. 

तुझं बोलणं मी परत परत ऐकलं. 'पण ये' म्हणताना आवाज जरा सपाट आलाय, मनालीला सांग. नको, राहू दे, सांगू नकोस.

संध्याकाळी कॅप्टनकडे जाऊन अर्ज मागे घेतला. माझ्या जागी माणूस आला की फेब्रुवारीत निघतो. मुरूडला उतरून रिक्षाने येईन, जेट्टीवर कोणी उभं राहू नये.

बाबा, माझी सायकल माळ्यावर आहे. आईला विचारून तिला तेवढं ग्रीस लावून ठेवा.

केतन